ठोकळ्यांचा राजा

ठोकळे आले तेव्हा माझी मुलगी आठ महिन्यांची होती आणि हाताला लागेल ते गिळायच्या बेतात असायची. परदेशात राहणाऱ्या माझ्या नणंदेने ते मोठ्या हौसेने भाचीसाठी पाठवले होते. एकमेकांत खटकन बसणारे प्लॅस्टिकचे रंगीत ठोकळे. मूल किती वर्षांचं असावं हे डब्यावर ठळक छापलं होतं, पण भावाला मुलगी झाल्याच्या आनंदात तिने ते वाचलं नसावं. सासऱ्यांनी डबा उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाले, "पोरगी मोठी होईपर्यंत माझ्याकडे असू दे. सांभाळतो." पोरगी यथावकाश मोठी झाली. ठोकळे तिच्याकडे कधीच आले नाहीत.

ही नव्वदच्या दशकातली, बंगळूरच्या जे. पी. नगरमधली हकिगत. मी लग्न होऊन पुण्याहून तिथे गेले होते. सासरची मंडळी पिढ्यान्‌पिढ्या बंगळूरकर. घरात मराठीच बोलत, पण त्या मराठीत कन्नड असं मुरलं होतं की पहिलं वर्षभर मी नुसती मान हलवत असे. 'स्वल्प' हा शब्द मी तोवर फक्त विरामचिन्हात पाहिला होता. इथे स्वल्प भात वाढायचा, स्वल्प सरकून बसायचं आणि भाजीवाल्याला स्वल्प थांबायला सांगायचं. सासऱ्यांना सगळे अण्णा म्हणत, सासूबाईंना अक्का. मीही तेच म्हणू लागले.

अण्णा सरकारी कचेरीतून नुकतेच निवृत्त झाले होते. उभ्या आयुष्यात त्यांनी भिंतीत एक खिळा ठोकला नव्हता. अशा माणसाने दुपारचं जेवण झाल्यावर चटई अंथरून ठोकळे जुळवायला बसणं, हे घरातल्यांना आधी करमणुकीचं वाटलं आणि नंतर अडचणीचं. कारण ते दुपारचं राहिना. डब्यातल्या कागदावर घर कसं बांधायचं, गाडी कशी करायची, याची चित्रं होती. अण्णांनी तो कागद बाजूला ठेवला. "घर काय करायचं? घर आहे की आपल्याला," म्हणाले.

त्यांना सिनेमातलं आणि टीव्हीवरचंच करायचं असे. रविवार सकाळच्या पौराणिक मालिकेतला रथ त्यांनी केला. डब्यात रबरी टायरचीच चाकं होती, म्हणून रथाला टायर आले. खलनायकाचा अड्डा केला. त्यात काडी ओढली की जमीन उघडून माणूस खाली मगरींच्या तळ्यात पडे. मगर म्हणजे एक हिरवा ठोकळा. केबलवर इंग्रजी सिनेमा लागला की आवाज बंद करून त्यातलं अंतराळयान बघत आणि ते उडून जायच्या आत वहीवर उतरवून घेत. नणंदेचा फोन आला आणि तिने विचारलं, की भाचीला ठोकळे आवडतात का, तर अण्णा माझ्या हातातून रिसीव्हर घेत. "फार आवडतात. दिवसभर खेळते. या खेपेला चाकं जास्त पाठव, तिला चाकं कमी पडतायत." मुलगी तेव्हा पाळण्यात झोपलेली असे.

पण सगळ्यांच्या वर अण्णांचा पोलीस. कन्नड सिनेमातला एक नट तेव्हा सतत इन्स्पेक्टर व्हायचा. त्याचं नाव मी घेत नाही. बंगळुरात नटाचं नाव घेतलं की चर्चा सुरू होते आणि जेवणं गार होतात. मॅजेस्टिक भागात थिएटरबाहेर त्याचा तीन मजली कटआउट लागे. काळा चष्मा, मिशी, टोपी आणि कमरेवर हात. सिनेमा लागला की लोक कटआउटला हार घालत, दुधाने अंघोळ घालत. अण्णा पहिल्या आठवड्यातच बघून येत आणि आल्यावर मला कथा सांगत. कथा एकच होती. मध्यंतराआधी त्याच्या छातीत गोळी लागे आणि शेवटाआधी तो उठे. "हा मरत नाही," अण्णा म्हणायचे. "एकदा मेला होता, तर लोकांनी खुर्च्या फोडल्या. दुसऱ्या आठवड्यात शेवट बदलून आणला." हे ते ज्या सुरात सांगत, त्या सुरात माणसं पंचांगातलं सांगतात.

अक्का यातल्या कशातच नव्हत्या. त्यांनी थिएटरात पाय ठेवला नव्हता आणि ठोकळ्यांवर मात्र तो वरचेवर पडे. त्यांचा जीव बाहुल्यांत होता. म्हैसूर-बंगळूरकडे नवरात्रात घरोघरी पायऱ्या मांडून त्यांवर बाहुल्या बसवतात. गोंबे म्हणतात त्यांना. देव, वाणी, वाणीण, लग्नाची वरात, मातीची गाय, सगळं. सगळ्यांत वरच्या पायरीवर मात्र लाकडाचे राजा-राणी बसतात. ही जोडी मुलीला लग्नात माहेरून मिळते. ती घरातल्या नवरा-बायकोचीच जोडी मानतात. ती बसली की मग बाकीचे बसायचे. दसऱ्याच्या संध्याकाळी जोडीतल्या राजाला हळूच आडवं करायचं, म्हणजे झोपवायचं, की सण संपला. मी पुण्याहून घटस्थापना तेवढी शिकून आले होते. हे सगळं मला अक्कांनी शिकवलं, आणि मी चुकीच्या पायरीवर गाय ठेवली की त्या काही न बोलता ती उचलून योग्य जागी ठेवत. त्यांनी बोललेलं परवडलं असतं.

बाहुल्यांची लाकडी पेटी जिन्याखालच्या कपाटात असे. पुढे ठोकळे वाढले. रंगवार प्लॅस्टिकचे डबे झाले आणि डब्यांना जागा हवी झाली. तेव्हा अण्णांनी पेटी न्हाणीघरामागच्या माळ्यावर टाकली. तात्पुरती, असं म्हणाले. अक्कांनी विचारलं, तिथे ओल नाही ना. अण्णा म्हणाले, "स्वल्प आहे."

त्या वर्षीच्या उन्हाळ्यात अण्णांना हार्ट अटॅक आला. छातीचं ऑपरेशन होऊन थोडक्यात निभावलं. घरी आल्यावर जिना बंद, तळलेलं बंद, दगदग बंद आणि सिनेमाही बंद. मग ते दिवसभर चटईवरच. अक्का शेजारी खुर्ची टाकून घेवडा मोडत बसत आणि पायात ठोकळा आला की त्यांना फैलावर घेत. पण दुपारी अण्णांचा डोळा लागला की त्या दारात येऊन उभ्या राहायच्या. छाती वर-खाली होतेय ना ते बघायच्या आणि मगच आत जायच्या. मी बघितलंय हे त्यांना माहीत होतं.

गणपती बोळवले की पितृपक्ष लागायच्या आत बाहुल्यांची पेटी उतरवायची आणि एकेक बाहुली पुसून ठेवायची, ही घरची रीत. माझ्या नवऱ्याने पेटी उतरवली आणि तो ऑफिसला गेला. अक्कांनी झाकण उघडलं. मातीच्या बाहुल्या ठीक होत्या. राणी अक्कांच्या जुन्या रेशमी लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेली असायची, ती ठीक होती. राजा दरवर्षी अण्णांच्या जुन्या धोतरात असायचा. धोतराच्या जागी माती होती. अक्कांनी ती बाजूला केली, तर राजा त्यांच्या हातात भुसा होऊन सांडला. वाळवीने धोतर खाल्लं होतं आणि मग राजाला खाल्लं होतं. रेशमाला तोंड लावलं नव्हतं. छातीपासून कमरेपर्यंतचा अंगठ्याएवढा एक तुकडा तेवढा शिल्लक राहिला होता.

अक्कांनी तुकडा पदराने पुसला, राणीशेजारी ठेवला आणि स्वयंपाकघरात येऊन माझ्या पुढ्यात बसल्या.

"आधी त्यांच्या छातीचं झालं. आता जोडीतला राजा गेला," म्हणाल्या. "यंदा गोंबे बसायचे नाहीत."

मी विज्ञानाची पदवीधर. मी म्हटलं, "अक्का, वाळवी ती. वाळवीला काय कळतं?"

"वाळवीला नाही कळत," त्या म्हणाल्या. "मला कळतं."

एरवी मला मनातल्या मनात हसू आलं असतं. त्या दिवशी आलं नाही. मला अण्णा फार आवडायचे. दारात अण्णा उभे होते. त्यांनी ऐकलं होतं. ते चटईवर जाऊन बसले, पण ठोकळ्यांना हात लावला नाही.

पुढचे काही दिवस अक्का अण्णांवर रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. ते त्यांना सवयीचं होतं. त्या रागवायच्याच थांबल्या. पायात ठोकळा आला तरी वाकून उचलायच्या आणि त्यांच्या डब्यात टाकायच्या. अण्णांना हे सोसेना. पेटी माळ्यावर आपण टाकली हे त्यांना पुरतं ठाऊक होतं. एके दिवशी ते माझ्या नवऱ्याला घेऊन रिक्षाने चिकपेटच्या बाजारात गेले आणि राजा-राणीची नवी कोरी जोडी घेऊन आले.

एका माणसाने एका फेरीत किती चुका कराव्यात याला काही मर्यादा असते. एक तर पितृपक्ष लागला होता, आणि पितृपक्षात नवी वस्तू घरात आणत नाहीत. दुसरं, ही जोडी माहेरची नव्हती. तिसरं अक्कांनी सांगितलं.

"ही दोघं आधीच नवरा-बायको आहेत. यांच्यात माझी राणी कुठे बसवू?"

अण्णांनी विचार केला. "यातली राणी परत करतो. नुसता राजा ठेवू."

"म्हणजे माझ्या राणीचं दुसरं लग्न लावायचं?"

नवी जोडी वर्तमानपत्रात गुंडाळलेलीच फ्रिजवर गेली. चौथी चूक डॉक्टरांची मनाई मोडून बाजारात हिंडल्याची, ती मी स्वतः ऐकवली.

दुसऱ्या दिवसापासून अण्णा पुन्हा ठोकळे घेऊन बसले. या वेळी दार लोटून. मला वाटलं, माणूस जीव रमवतोय, रमवू दे. सर्वपित्री झाली, घरातली पानं वाढून झाली. त्या संध्याकाळी अक्का देवघराची भांडी घासत बसल्या होत्या, तेव्हा अण्णा दोन्ही हातांत काहीतरी धरून, दुधाचं पातेलं आणावं तसे सावकाश आले आणि त्यांनी ते त्यांच्यासमोर ठेवलं.

तो इन्स्पेक्टर होता. हातभर उंच. काळा चष्मा, काळी मिशी, टोपी, कमरेवर हात. खाकी ठोकळे नव्हते म्हणून शर्ट पांढरा होता. कातडीच्या रंगाचे नव्हते म्हणून तोंड पिवळं होतं.

अक्कांनी बराच वेळ बघितलं. "हा ट्रॅफिकवाला का?"

"इन्स्पेक्टर."

"याला तर आधीच कावीळ झालीय."

"हळद लागलीय," अण्णा म्हणाले. "लग्नाच्या जोडीतला आहे."

त्यांनी तयारी करून ठेवली असावी असं मला तेव्हा वाटलं, आणि अजूनही वाटतं. अक्का मात्र हसल्या नाहीत. हातातलं तबक खाली ठेवून म्हणाल्या, "पितृपक्षात नवं आणलेलं मला चालायचं नाही."

"नवं कुठे? ठोकळे जुनेच आहेत."

"आणि हा दुसरा राजा झाला."

"दुसरा नाही. तोच आहे." अण्णांनी इन्स्पेक्टरच्या छातीवर बोट ठेवलं. "तुझा तुकडा आत बसवलाय. मधोमध. बाहेरनं नुसतं बांधून काढलंय. माझंही तसंच केलंय की दवाखान्यात. मी दुसरा झालो का?"

अक्कांनी हात पुसले. इन्स्पेक्टरला उचलून कानाशी नेऊन हलक्या हाताने हलवलं. आत काही वाजलं नाही. अण्णांनी तुकडा घट्ट बसवला होता.

"आत आहे?"

"आहे."

"आणि बाहेरनं हाच कशाला? साधा राजा करायचा होता, मुकुट घालून."

"राजे मरतात," अण्णा म्हणाले. "हा मरत नाही."

अक्का मला म्हणाल्या, "पायऱ्यांच्या फळ्या धुऊन घे. सकाळी लागतील." आणि अण्णांना म्हणाल्या, "सरी, बरं आहे, तुम्ही आत जाऊन पडा." हे त्या चिडून म्हणाल्या. ते ऐकून मला इतकं बरं वाटलं की मी घासून झालेलं तबक पुन्हा घासायला घेतलं.

प्रतिपदेला जोडी वर बसली. राणी नाजूक, वीतभर, हिरव्या लुगड्यात. शेजारी हातभर इन्स्पेक्टर. तो तिला अटक करायला आल्यासारखा दिसत होता. अक्कांनी त्याला चौकोनी जरीचं उपरणं पांघरलं, त्याने फार फरक पडला नाही. चिकपेटची नवी जोडी पितृपक्ष संपल्यामुळे शुद्ध होऊन दुसऱ्या पायरीवर पाहुणी म्हणून बसली.

संध्याकाळी गल्लीतली पोरं दरवर्षीसारखी दारोदार "गोंबे बसवलेत का?" असं कन्नडमध्ये विचारत आली. दारातच थबकली. मग नमस्कार न करता, प्रसादाची उसळ न घेता, वळून पळाली आणि आणखी पोरं घेऊन आली. दुसऱ्या दिवशी त्यांचे वडील आले. एरवी गोंबे बघायला बायका येतात, पुरुष फाटकाशी उभे राहतात. आमच्याकडे पुरुष आत आणि बायका त्यांच्या चपला सांभाळत बाहेर, असा प्रकार झाला. अण्णा आरामखुर्चीत बसून कोणाला काय विचारायचं असेल तर उत्तर देत. अक्का हळदी-कुंकवाची तयारी घेऊन बायकांची वाट बघत. चेहऱ्यावर आठी होती, पण ती जुनी, ओळखीची आठी होती.

अष्टमीला अक्कांची एक म्हातारी आत्या ऑटोने आली. ऑटोवाला तिची पिशवी द्यायला आत आला आणि वरची पायरी दिसताच त्याने चपला काढल्या. गेटपर्यंत जाऊन चपला ठेवून परत आला. हात जोडले. मग अक्कांकडे कापूर मागितला. त्यांनी दिला, सणाला कोणी कापूर मागितला तर नाही कसं म्हणणार? त्याने तो पेटवून इन्स्पेक्टरला ओवाळलं, राणीला ओवाळलं, आणि पाहुण्या जोडीकडे पाहिलंही नाही. "कोणी केलं हे?" त्याने कन्नडमध्ये विचारलं.

"आमच्या यजमानांनी," अक्का म्हणाल्या. माझ्या माहितीत त्यांनी अण्णांच्या ठोकळ्यांची जबाबदारी पहिल्यांदाच स्वतःहून घेतली.

मग त्या माणसाने चष्मा, मिशी, टोपी पुन्हा एकदा डोळे भरून पाहिली आणि सहज बोलल्यासारखं म्हणाला, "इवरिगे सावे इल्ल, अम्मा." याला मरणच नाही.

अक्कांच्या हातात उसळीचा द्रोण होता. तो तसाच धरून त्यांनी विचारलं, "निजवा?" खरंच का?

विचारलं कोणाला, तर ज्याला आयुष्यात पहिल्यांदा बघितलं त्या रिक्षावाल्याला. मी, माझी पदवी, हार्टचे डॉक्टर, सगळे बाजूला राहिलो. त्याने गळ्याला हात लावून शपथ घेतली. अक्कांनी द्रोणात आणखी उसळ घातली, वर खोबरं घातलं, आणि दुसरा द्रोण भरून त्याच्या बायकोसाठी दिला. अण्णा खुर्चीत डोळे मिटून होते. झोपले नव्हते.

दसऱ्याच्या संध्याकाळी आरती झाली, पाहुणे गेले. घरात आम्ही चौघं आणि पेंगुळलेली मुलगी. आता राजाला झोपवायचं. दरवर्षी हे अक्काच करत. त्या पायऱ्यांसमोर उभ्या राहिल्या. इन्स्पेक्टरच्या अंगावरचं उपरणं नीट केलं. त्याच्या खांद्याला हात लावला आणि काढून घेतला. मग त्यांनी राणीला उचललं, आणि तिला आडवं केलं. लहान मुलाला निजवतात तसं तिच्या मानेखाली हात घालून.

रीत मोडली होती. जोडीतल्या कोणी आधी जायचं हे त्यांनी आमच्यादेखत ठरवून टाकलं होतं. मला हुंदका आला, तो मी मुलीला थोपटण्यात लपवला.

अण्णा बघत होते. ते उठले, खुर्चीच्या हाताला धरून, सावकाश. पायऱ्यांपाशी गेले. इन्स्पेक्टरला दोन्ही हातांनी उचललं आणि राणीच्या शेजारी आडवं करायला लागले.

"अहो, राहू दे त्याला," अक्का म्हणाल्या. "तो उभाच बरा."

"उभा राहून काय करू एकटा?" अण्णा म्हणाले. "राणीला स्वल्प सरकव. जागा नाहीय."

अक्कांनी राणीला बोटभर सरकवलं. अण्णांनी इन्स्पेक्टरला तिच्याशेजारी टेकवलं, आणि तो टेकतो न टेकतो तोच त्याची टोपी सुटली, पायऱ्यांवरून टणटण उतरत खाली आली आणि टीव्हीच्या टेबलाखाली गेली. दोघांनीही ती जाताना पाहिली.

"सकाळी शोधू," अण्णा म्हणाले.

"आता शोधा," अक्का म्हणाल्या. पदराने डोळे पुसले आणि ड्रॉवरमधून टॉर्च काढला. "वाकू नका. मी वाकते. तुम्ही नुसता टॉर्च धरा."